गोळ्यांच्या डब्याचं ऑडिट

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



सचिव साहेबांनी मला ‘निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन’ हा विषय दिला होता. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार! पण ठेवी, व्याजदर आणि फॉर्म १५-एच यावर मी तुम्हाला रोज संध्याकाळी बाकड्यावर बसून पिडतोच. म्हणून आज त्यांची परवानगी घेऊन विषय बदलतो. आपण सगळे म्हातारे रोज सकाळ-संध्याकाळ मूठभर गोळ्या गिळतो, त्याबद्दल बोलायचं आहे. आणि त्या गोळ्या आपल्याला हातात आणून देणाऱ्या मुलींबद्दल, म्हणजे घरी येणाऱ्या सिस्टरबद्दल. मी डॉक्टर नाही. जे सांगतो ते घरात घडलेलं, आणि घडल्यानंतर वाचलेलं.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला आणि त्याच्या पाठोपाठ आपली संस्था नोंदली गेली. तेव्हा इथं नुसतं रान होतं, पलीकडं केळीचे बाग आणि मधून जाणारी पाऊलवाट. प्लॉट घेतले तेव्हा आपण पन्नाशीच्या आत-बाहेर होतो. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, बँकवाले. पोरं शाळेत होती. आता पोरं पुण्याला, हैदराबादला आणि एक-दोन त्याहून लांब, आणि संस्थेत ज्या घरात जावं तिथं टीव्हीच्या शेजारी गोळ्यांचा डबा. आमच्या घरी तो लाडूचा जुना स्टीलचा डबा होता. लाडू बंद झाले साखरेमुळं, डबा कामाला आला.

आता मूळ गोष्ट. मंडळी पहिल्या रांगेत बसली आहे, तिला विचारूनच सांगतो.

चार वर्षांपूर्वीच्या आषाढात रात्री अडीचच्या सुमाराला ही बाथरूमकडं जाताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला नेलं, ऑपरेशन झालं, बाराव्या दिवशी घरी आणलं. सुनेला रजा किती दिवस मिळणार? म्हणून दिवसाकरता एक सिस्टर ठेवली. आपल्याच भागातल्या खेड्यातली, ए.एन.एम. झालेली, दोन वर्षं नांदेडला दवाखान्यात काम केलेली मुलगी. सकाळी आठला यायची, संध्याकाळी सहाच्या गाडीनं जायची.

औषधांचं खातं माझ्याकडं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. हे कबूल करतो. सहा वर्षांत एक गोळी चुकवली नव्हती. महिन्याच्या एक तारखेला पेन्शन, दोन तारखेला मेडिकल. जुनी चिठ्ठी दाखवायची, तो नेहमीचं बांधून द्यायचा, मी कात्रीनं पट्ट्या कापून डब्यात कप्पे लावायचो. दिवसाला चौदा. लोकांना कौतुकानं सांगायचो, आमच्याकडं औषधाची शिस्त बघा.

त्या मुलीनं दुसऱ्याच दिवशी डबा टेबलावर ओतला. मला राग आला, कारण माझे कप्पे मोडले. ती म्हणाली, “काका, माझ्या हातनं चुकीची गोळी जाऊ नये म्हणून लिहून घेते.” तिनं वहीत रकाने आखले. गोळीचं नाव. कुणी दिली. केव्हापासून. कशासाठी. मग एकेक उचलून मला विचारायला लागली.

“ही कशाची?”

“बीपीची.”

“आन् ही?”

“ती पण बीपीची. ती नांदेडच्या डॉक्टरांची, आधीची इथली.”

“काका, दोन्हीवर अम्लोडिपिन लिहिलंय की.”

मी चष्मा लावून बघितलं. पहिली साधी अम्लोडिपिन. दुसऱ्या पाकिटावर मोठ्या अक्षरात वेगळंच नाव आणि खाली बारीक अक्षरात दोन औषधं, त्यातलं एक अम्लोडिपिन. जोडगोळी. म्हणजे एकाच व्हाउचरची दोनदा एंट्री, आणि ती सहा वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेजरमधल्या डबल एंट्र्या मी लाल शाईनं पकडल्या. घरातली माझीच सुटली.

चौदापैकी चार गोळ्यांपुढं ‘कशासाठी’ हा रकाना कोरा राहिला. मला सांगताच येईना. पाच गोळ्यांपुढं ‘केव्हापासून’ कोरा.

बँकेतल्या लोकांना स्टँडिंग इन्स्ट्रक्शन माहीत आहे. खातेदार एकदा लिहून देतो की दर महिन्याला एवढी रक्कम अमक्या खात्यात टाका. तो रद्द करा म्हणेपर्यंत रक्कम जातच राहते. मुलगा शिकून नोकरीला लागला तरी वसतिगृहाचे पैसे जाताहेत, अशी खाती मी पाहिली आहेत. आपल्या गोळ्यांचं तसंच आहे. डॉक्टर पंधरा दिवसांसाठी लिहितात, पंधरा दिवसांनी आपण त्यांच्याकडं जात नाही, मेडिकलवाला देत राहतो आणि आपण गिळत राहतो. सुरू करणारे चार डॉक्टर असतात, बंद करणारा कुणीच नसतो.

पुढं जे उलगडलं ते नीट ऐका, कारण तुमच्यापैकी अर्ध्या लोकांच्या घरी यातला एखादा तुकडा तरी सापडेल. अम्लोडिपिननं काही जणांच्या पायावर सूज येते, डोस वाढला की जास्त येते. हिच्या पायावर आली. आम्हाला वाटलं किडनीचं काही असेल. लघवी होण्याची गोळी सुरू झाली. सूज फारशी उतरली नाही, पण रात्री तीन-चार वेळा उठणं सुरू झालं. झोपमोड होते म्हणून झोपेची गोळी आली, अल्प्राझोलम. पित्त होतं म्हणून कॅप्सूल आली. तिच्यात पॅन्टोप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड नावाचं औषध होतं. गॅससाठी आपल्याकडं सर्रास मिळणारी कॅप्सूल. दीडेक वर्षानं हिचे हात कापायला लागले, चाल मंद झाली, पाय ओढत चालायची. आम्ही म्हटलं, वय झालं. कुणी म्हटलं, कंपवात. कंपाची गोळी सुरू झाली. त्या गोळीनं तोंड कोरडं, पोट साफ होईना, आणि संध्याकाळी ही काहीबाही बोलायची. मग पोटासाठी सिरप.

आता पुन्हा ती रात्र बघा. लघवीच्या गोळीनं उठवलेली, झोपेच्या गोळीनं गुंगलेली आणि गॅसच्या कॅप्सूलनं पाय जड झालेली बाई अंधारात बाथरूमकडं निघाली. पडली. मी आठ दिवस फरशी पुसणाऱ्या बाईला दोष देत होतो.

एका औषधाच्या परिणामाला नवा आजार समजायचं आणि त्यावर दुसरं औषध द्यायचं, या साखळीवर पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या दोन डॉक्टरांनी १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला होता. त्याच्याही आधी १९९१ साली अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी वृद्धाश्रमातल्या लोकांसाठी एक यादी केली, म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची. ती यादी अजून चालू आहे, तिथली वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना ती सुधारत असते, २०२३ सालीही सुधारली. झोपेच्या गोळ्या त्यात आहेत, साखरेसाठी आपल्याकडं वर्षानुवर्षं दिली जाणारी ग्लिबेनक्लामाइड आहे, वर्षभर रोज घेतलेली दुखण्याची गोळी आहे. यादीतलं औषध म्हणजे विष असं नव्हे. तरण्या माणसाचं शरीर जे सोसतं ते सत्तरीतली किडनी आणि मेंदू सोसत नाहीत, एवढाच अर्थ.

वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडं गेलो. पहिल्या ठिकाणी काय झालं ते सांगतो, नाव विचारू नका. त्या मुलीनं रकाने पुढं केले आणि म्हणाली, “सर, अम्लोडिपिन दोनदा जातेय.” डॉक्टरांनी वर बघितलं आणि म्हणाले, “तू एम.बी.बी.एस. कधी झालीस?” बाहेर आल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी. मी बाकड्यावर शेजारी बसलो होतो आणि आत असताना तिच्या बाजूनं एक शब्द बोललो नाही. डॉक्टरांसमोर आपली जीभ टाळूला चिकटते. ती खंत अजून आहे.

आठवड्यानं दुसऱ्या फिजिशियनकडं गेलो. त्यांनी वही स्वतःकडं ओढून घेतली, वीस मिनिटं वाचली. म्हणाले, “एवढी माहिती मला कुणी आणून देत नाही.” त्यांनी जोडगोळी ठेवली, सुटी अम्लोडिपिन काढली. लघवीची गोळी बंद. गॅसची कॅप्सूल बंद. दोन आठवड्यांनी कंपाची गोळी हळूहळू उतरवायला सुरुवात. झोपेची गोळी मात्र एकदम नाही. पाऊण, मग अर्धी, मग पाव, असं दोन-अडीच महिने चाललं. त्या दिवसांतल्या रात्री वाईट होत्या, ही चिडायची, मला म्हणायची, “तुम्हाला पैसे वाचवायचेत.” तीन महिन्यांत चौदाच्या सात गोळ्या झाल्या. हाताचा कंप गेला. परवा हिनं पाहुण्यांना चहाचा कप बशीसकट नेऊन दिला, न हिंदकळता. पण खुब्याचं हाड पहिल्यासारखं झालं नाही, वॉकर सुटला नाही. ती एंट्री रिव्हर्स होत नाही.

इथं एक गोष्ट जोर देऊन सांगतो. आजचं हे भाषण ऐकून घरी जाऊन कुणीही कुठलीही गोळी स्वतः बंद करायची नाही. आपल्याच गल्लीतल्या एका मित्रानं मोबाइलवर आलेला व्हिडिओ बघून बीपीची गोळी सोडली होती, त्यांचा उजवा हात आज चालत नाही. हृदयाची काही औषधं, फिटची औषधं, स्टेरॉइड, झोपेची गोळी, ही एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. कमी करायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं.

मग सिस्टरनं काय करायचं? तर जे डॉक्टरांना दिसत नाही ते बघायचं. डॉक्टर आपल्याला महिन्यातून पाच मिनिटं बघतात, खुर्चीत बसलेलं बघतात. ती मुलगी आठ-दहा तास बघते. पलंगावरून उठताना चक्कर येते का, सकाळी अकरालाही डोळे मिटतात का, जेवण कमी झालं असताना साखरेची गोळी तेवढीच जातेय का, हे तिलाच दिसतं. आणि उशीखाली काय दडवलंय तेही. आपण पक्के बिलंदर असतो. शेजारच्या आक्कांनी दिलेली गुडघ्याची गोळी, बाजारातून आणलेली सांधेदुखीची बिननावाची पुडी, वैद्यबुवांचा काढा, यातलं काही आपण डॉक्टरांना सांगत नाही. त्या बिननावाच्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड सापडतं. आमच्या वहीत शेवटी असली दोन नावं निघाली. आणि एक डबी माझीच होती.

हे बघणं, विचारणं, लिहिणं शिकवता येतं, आणि त्याला फार वेळ लागत नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकी शहरात वृद्धांच्या निवासांतल्या वीस विभागांमध्ये हा प्रयोग झाला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. अर्ध्या विभागांतल्या परिचारिकांना चार-चार तासांची दोन सत्रं दिली, बस्स. कुठली औषधं म्हाताऱ्यांना त्रासाची आणि ती दिसली तर डॉक्टरांना कसं सांगायचं, एवढंच. वर्षभरात त्या विभागांमधली त्रासदायक औषधं कमी झाली. दुसऱ्या विभागांत तसं झालं नाही. तिथंही औषध बंद डॉक्टरांनीच केलं, नजर परिचारिकांची होती. आणि कॅनडात क्वीबेक प्रांतात तर झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांना नुसती एक पुस्तिका दिली, तुमची गोळी काय करते आणि ती हळूहळू कशी उतरवायची याची. सहा महिन्यांनी शंभरातल्या सत्तावीस जणांची गोळी सुटली होती. पुस्तिका न मिळालेल्यांत पाच जणांची.

कुणी म्हणेल, फिनलंडचं काय सांगता, इथं आपल्या पोरींना हे जमेल का. असं म्हणणाऱ्यांना मी जामखेड दाखवतो. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले आणि खेड्यातल्या, कित्येकदा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. जगभरातून लोक ते शिकायला येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, इंजेक्शनसुद्धा. तेव्हा लोक म्हणालेच होते, गावातली बाई इंजेक्शन देणार? १९९९ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं की नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. आज आपली आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासते, ती त्याच कामाची पुढची पायरी आहे. जन्माच्या टोकाला आपण हे करून दाखवलं. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला का नाही?

सरकारी कागदावर सोय आहे, नाही असं नाही. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. उपकेंद्रांची आता आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली आणि त्यांच्या कामात ज्येष्ठांची काळजी लिहिलेली आहे. पण आशाताईंच्या हातात आधीच इतकी रजिस्टरं आहेत की त्यांच्यावर आणखी एक टाकायला मला लाज वाटते. आणि ज्या मुली पगारावर घरोघरी येतात त्या कुठल्याच रजिस्टरात नाहीत. त्यांना बीपी बघायला, सुई टोचायला, बेडसोरचं ड्रेसिंग करायला शिकवलेलं असतं. वहीत ‘कशासाठी’ हा रकाना आखायला शिकवलेलं नसतं. आमच्या घरी आलेल्या मुलीनं तो भीतीपोटी आखला, आणि भीती चांगली कामाला आली, एवढंच.

म्हणून रौप्यमहोत्सव समितीपुढं मी एक अर्ज ठेवला आहे. कमान आणि रोषणाईसाठी जी रक्कम धरली आहे तिच्यातला काही भाग वाचवून आपल्या परिसरात घरी सेवा देणाऱ्या मुलींसाठी दोन दिवसांचं शिबिर घ्यावं. हॉल आपला आहे. हिंगोलीला २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे, नांदेडला विष्णुपुरीला तर कधीचंच आहे, तिथल्या औषधशास्त्राच्या शिक्षकांना विनंती करू. एक दिवस औषधांची ओळख, विशेषतः जोडगोळ्यांची नावं आणि बारीक अक्षरं कशी वाचायची. दुसऱ्या दिवशी फक्त बोलण्याचा सराव. डॉक्टर चिडले तर शांतपणे वही पुढं कशी करायची, ‘हे बंद करा’ असं न म्हणता ‘सर, मला हे असं दिसलं’ असं कसं म्हणायचं. हे कुठल्याच पुस्तकात नसतं आणि माझ्या मते हेच अवघड आहे. त्या सरावात चिडका डॉक्टर व्हायला मी तयार आहे. कर्जवसुलीला आलेल्यांशी इतकी वर्षं बोललोय, तेवढं जमेल.

शिबिराच्या दोन दिवसांची त्यांची रोजी बुडते, ती आपण भरून द्यायची. फुकट शिकवतो म्हणून उपकार दाखवायचे नाहीत. आमच्या महिन्याच्या औषधाच्या बिलात जवळजवळ निम्मी बचत झाली. त्यातून पहिल्या दोघींची रोजी मी देतो, खजिनदारांनी आत्ताच पावती फाडावी.

शेजारच्या काकांनी मघाशी विचारलं, की सिस्टर ठेवायला परवडत नाही त्यांनी काय करायचं? ज्याच्या घरी सिस्टर नाही त्याच्या घरी सून आहे, नात आहे, नाहीतर शेजारी आहे. शिबिरात दोन खुर्च्या त्यांच्यासाठीही ठेवू.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता संस्थेच्या ऑफिसात यायचं. डॉक्टर नसतील, मी आणि ती मुलगी असू. तिचं आता लग्न झालंय, पण ती येते म्हणाली आहे. आम्ही काही बंद करणार नाही, फक्त रकाने भरून देऊ, ते घेऊन तुम्ही तुमच्या डॉक्टरांकडं जायचं. येताना सगळा डबा आणा. कपाटातलं आणा, फ्रीजमधलं आणा, उशीखालचं आणा, काढ्याची बाटली आणा. आणि पट्ट्या कात्रीनं कापू नका, मी कापत होतो. कापली की औषधाचं नाव एका तुकड्यावर राहतं आणि तारीख दुसऱ्यावर.